पन्नास जणींची ओहोटी

एकट्या माणसाला बोलायची खोड लागते. जयवंतीलाही लागली होती. सकाळी ती चुलीशी बोलायची, दुपारी कोंबड्यांशी, आणि संध्याकाळी धक्क्यावरच्या पांढऱ्या पेटीशी. कोंबड्या निदान मान वाकडी करून बघायच्या तरी. पेटी कुणाकडे बघत नसे, पण ती ऐकायची, आणि ऐकणं हेच तिचं काम होतं.

त्या पेटीला सगळे 'कान' म्हणत. नांगरबेटाच्या पश्चिमेला पाण्याखाली खडप आहे, म्हणजे मैलभर लांबीची खडकाची भिंत. तिच्यावर पाण्यातला आवाज टिपणारी बारा यंत्रं बसवलेली होती आणि त्यांच्या तारा या पेटीत आणलेल्या होत्या. आज खडपावर किती घोळी बोलल्या, ते पेटी रोजच्या रोज किनाऱ्यावरच्या सागर अभ्यास केंद्राला कळवायची.

घोळ मासा बोलतो हे कोळ्याला शिकवायला नको. इतरांसाठी सांगतो. घोळीच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला भोत म्हणतात. नराच्या भोताच्या दोन्ही अंगांना स्नायू असतात आणि ते ढोलावर टिपरी पडावी तसे भोतावर आपटतात. घुर्र, घुर्र. अंडी घालायच्या दिवसांत सगळे नर एका जागी जमून माद्यांना असं बोलावत राहतात. जयवंतीचा सासरा वल्ह्याचं एक टोक पाण्यात सोडायचा, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "खाली वीसेक हायेत." पेटी तेच करायची. फक्त प्रत्येक नराचा आवाज ती वेगळा ओळखायची, त्यामुळे तिच्या आकड्याशी कुणी हुज्जत घालू शकत नसे.

आणि आकड्यावरच तर सगळं अडलं होतं. दोन हजार एकोणचाळीस साली घोळ अख्ख्या किनाऱ्यावरूनच नाहीशी व्हायला लागली, तेव्हा सरकार, केंद्र आणि बेटावरची कोळी जमात, तिघांनी बसून करार केला. बेटावरच्या अठ्ठेचाळीस घरांनी किनाऱ्यावरच्या नव्या वसाहतीत जायचं. सात वर्षं बेटाभोवती जाळं नाही, गळ नाही, खडकावरचं एक कालवसुद्धा काढायचं नाही. मग आठव्या भाद्रपदात एका ओहोटीत शंभर घोळी बोललेल्या ऐकू आल्या की बेट पुन्हा लोकांचं, मासेमारी त्यांच्या हातची, नियमही त्यांनीच केंद्राच्या सल्ल्याने ठरवायचे. शंभर भरले नाहीत तर आणखी बारा वर्षं बंदी. बेट ओसाड पडलं असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून जमातीतलं एक माणूस कायम तिथे राखणीला राहील, असं एक कलम जमातीने हट्टाने घालून घेतलं होतं. प्रत्येक घराची तीन-तीन महिन्यांची पाळी.

पाळ्यांचं काय झालं, ते तुम्ही ओळखलंच असेल. पहिली दोन वर्षं ठीक चाललं. मग कुणाच्या मुलीचं लग्न निघालं, कुणाचा गुडघा बदलला, कुणाला शीतगृहात नोकरी लागली. अडीच वर्षांपूर्वी जयवंतीची पाळी आली आणि ती संपलीच नाही. "तुझा नवरा गेला, पोरगा मार्गाला लागला. तुना काय गो अडचन?" असं सगळ्यांनी म्हटलं, आणि सगळ्यांना ते पटलं. पटणारच, राहायचं दुसऱ्याला होतं ना! जयवंती बासष्ट वर्षांची होती. अठ्ठेचाळीस घरांना ती आठवड्यातून एकदा झाडू मारायची, कारण लोक परत येतील तेव्हा घरं उघडता आली पाहिजेत, असं तिला वाटायचं.

लोक परत यावेत, एवढंच तिचं मागणं होतं. आणि आकडा तर उलटाच चालला होता. बंदीच्या पहिल्या वर्षी कानाने चारशे बारा घोळी ऐकल्या होत्या, तेव्हा शंभराची अट सगळ्यांना सोपी वाटली होती. दुसऱ्या वर्षी दोनशे साठ. मग नव्वद, मग एकतीस. आठवा भाद्रपद उजाडला तेव्हा नऊ. जाळं टाकणारा एक माणूस नाही आणि मासा कमी होतो, हे कुठलं गणित? चोरटे म्हणाल, तर पाण्याखालचा कान होडीचं इंजिनही ऐकतो, आणि इंजिन ऐकू आलेलं नव्हतं.

*

अनंत चतुर्दशी झाली आणि पौर्णिमेचं उधाण आलं. उधाणात भरती मोठी तशी ओहोटीही मोठी. संध्याकाळी पाचच्या सुमारास दक्षिणेकडचा खडक लांबवर उघडा पडला, आणि त्याच्यावर कालवं. वाडग्याएवढी कालवं! सात वर्षांत त्यांना हात लावलेला नव्हता.

जयवंती दारात बसून बघत होती. दुपारी तिने एकटीपुरता भात लावला होता आणि तोही अर्धा कोंबड्यांना घातला होता. खावंसं वाटत नव्हतं, आणि खावंसं वाटत होतं ते समोर होतं.

"मरो तो करार," ती उठली. "दोन वाट्यांनी काय सरकार बुडतंय?"

माळ्यावरचा टोचा तिने काढला. टोचा म्हणजे वीतभर टोकदार लोखंड आणि त्याला लाकडी मूठ. पदर खोचून ती खडकावर उकिडवी बसली. एका हाताने कालव धरायचं, दुसऱ्याने शिंपल्याच्या सांध्यावर दोन ठोके, तिसरा जरा तिरका, आणि आतलं मांस नखाने वाटीत. हात काही विसरला नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा याच खडकावर सासूने तिच्या शेजारी बसून शिकवलं होतं. तेव्हा अमावास्येला आणि पौर्णिमेला बेटावरच्या पन्नासेक बायका ओळीने बसायच्या. ठक ठक चालायची, तोंडंही चालायची. कुणाची सून कशी, कुणाचा दादला कुठे पडला, सगळा हिशेब त्या दोन तासांत व्हायचा.

आता तिच्या एका टोच्याचा आवाज फार लहान वाटत होता. तिला रडू आलं. जवळ कुणी नव्हतं, म्हणून तिने ते आवरलंही नाही. रडत रडत तिने दोन वाट्या कालवं काढली, घरी जाऊन लसणाची फोडणी दिली आणि टोप पुसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. केंद्राची डॉक्टर शर्वरी बोबडे बोलत होती. ही मुलगी मूळची वर्ध्याची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा वीस वर्षांची होती, पण आता बेटाचं काम तीच बघायची आणि दर पंधरा दिवसांनी होडीतून जयवंतीचं वाणसामान आणायची.

"काकी, काल संध्याकाळी पाच ते सात कुठे होतात?"

चोराच्या मनात चांदणं. जयवंती म्हणाली, "कुठे असनार? घरात."

"खडकावर नव्हतात?"

"मी कशाला जातंय खडकावर? माझे गुडघे बघितलेस का?"

"काकी, खरं सांगा. मी रागावणार नाही."

जयवंतीने दम घेतला. "कालवां काढली. दोन वाट्या. खाल्ली पन. काय करायचा ते करा आता."

पलीकडे शर्वरी हसली की काय, तिला कळेना. मग ती म्हणाली, "काकी, काल पाच वाजता खडपावर नऊ घोळी होत्या. सात वाजता एकवीस झाल्या. तुम्ही उठलात आणि अर्ध्या तासात पुन्हा नऊ."

*

शर्वरी त्याच दुपारी आली. वाणसामान होडीतच ठेवून ती धावत वर आली आणि जयवंतीच्या ओट्यावर मांडी घालून बसली.

"काकी, हे बघा. घोळीचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा तांदळाच्या कणीएवढंही नसतं. त्याला दिसत नाही फारसं, पण ऐकू येतं. त्याच्या डोक्यात कानाशी एक बारीक खडा असतो. आवाजाने तो हलतो. पहिले पंधरा-वीस दिवस ते खडपाच्या आसपासच तरंगतं, आणि त्या दिवसांत जो गलबला ऐकेल तो त्याच्या मेंदूत बसतो. चार-पाच वर्षांनी मोठं झालं की अंडी घालायला ते तोच गलबला शोधत येतं. काही मासे नदीच्या वासावरून जन्माची जागा शोधतात. घोळ आवाजावरून शोधते, असं आम्हाला वाटतच होतं. पण कुठला आवाज? आम्ही म्हणत होतो लाटांचा, शेवंडा-खेकड्यांचा, दुसऱ्या माशांचा."

"मग?"

"कालवांचा खडक आणि तो खडप, दोन्ही एकच दगड आहे. तुम्ही इथे ठोकलं की दगडातून ते थेट खाली जातं. घोळ अंडी घालते ती उधाणात. बायका कालवांना बसायच्या त्याही उधाणात. किती वर्षं?"

"माझ्या सासूची सासूपन बसायची."

"म्हणजे घोळींच्या लेखी घर म्हणजे तुमची ठकठक. आपण मासे वाचवायला माणसं उठवली, आणि माशांचं घर मुकं झालं. ते मेलेले नाहीत काकी. इथेच चार-सहा मैलांत घुटमळतायत. त्यांना जागा सापडत नाही."

जयवंतीला हे एकदम समजलं. समजून घ्यावं लागलंच नाही म्हणा ना. अडीच वर्षं तीही त्याच गलबल्यासाठी कान लावून बसली होती.

शर्वरीचा चेहरा मात्र पडला होता. "चूक माझी आहे. बंदीआधीच्या दोन वर्षांत ही ठकठक कानाने टिपली होती. मी ती गाळून टाकायची. माणसांचा गोंगाट म्हणून. मासे स्वच्छ ऐकू यावेत म्हणून. साठवायला जागा नको म्हणून मूळ आवाज पुसले आणि गाळलेले ठेवले. आज शोधायला गेले तर एक ठोका नाही."

"रडू नको. तुला काय माहीत? तू वर्ध्याची," जयवंती म्हणाली आणि तिच्यापुढे चहा ठेवला.

*

पुढच्या आठवड्यात शर्वरीने एक यंत्र आणलं. विजेवर चालणारी हातोडी. खडकाला बांधून चालू केली, तर ठक, ठक, ठक, अगदी घड्याळासारखी. खडपावरच्या नऊ घोळीही गप्प झाल्या.

"ही बाई कालव काढते का खिळा मारते?" जयवंती म्हणाली. "मधे थांबते कुठे? मांस काढायला थांबावा लागतं. शेजारनीचा ऐकायला थांबावा लागतं."

शर्वरीने हातोडी बंद केली. "खऱ्या बायकांचा आवाज कुणी कधी फोनमध्ये घेतला असेल का हो? खडकाला लावायचा भोंगा आहे माझ्याकडे. असा आवाज मिळाला तर अमावास्येला वाजवून बघता येईल."

जयवंतीचा हात आपोआप कमरेच्या फोनवर गेला. बेट सोडायच्या आदल्या अमावास्येला सगळ्याजणी शेवटच्या बसल्या होत्या. तेव्हा तिने फोन खडकाच्या खाचेत उभा करून सगळं घेतलं होतं. पावणेदोन तास. अडीच वर्षांत तिने ते किती वेळा ऐकलं, त्याला गणती नव्हती.

"आणि मासे आले तर?" तिने विचारलं.

शर्वरी खोटं बोलणारी मुलगी नव्हती. "आकडा भरेल. पण वरचे लोक विचारतील, एका भोंग्यात भागतंय तर अठ्ठेचाळीस घरं परत कशाला? बेट राखीवच ठेवा, भोंगा लावा. मी भांडेन. पण ते विचारतील. बायका स्वतः येऊन बसल्या आणि आकडा भरला, तर मात्र कुणाची टाप नाही. मग कागदावरच येईल की घोळीला हे लोक लागतात."

"मग आवाज नाय कुणाकडे," जयवंती म्हणाली. "बायकाच आनू. अमावास्येला."

अमावास्या सहा दिवसांवर होती, आणि भाद्रपदातलं तेच शेवटचं उधाण.

त्या रात्रीपासून तिने फोन करायला सुरुवात केली. एकेकीला घोळींची सगळी गोष्ट सांगायची आणि शेवटी म्हणायची, "फक्त दोन तास बसायचा. शर्वरीबाय होडी आनते." सगळ्यांना गोष्ट आवडली. "अगो बाय, आपल्या ठोक्यानी मासा येतो?" असं म्हणून त्या हसल्या, जुन्या आठवणी काढल्या, आणि मग सांगू लागल्या. अमावास्येला सर्वपित्री, पितरांना जेवू घालायचंय. शीतगृहात सुटी नाही. नातीची परीक्षा. होडीत चक्कर येते. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! जयवंतीने प्रत्येकीवर उपाय काढला. पान सकाळी वाढा, होडी तीनला निघते. पितर तर सगळे याच खडकावर राबले, ते काही रागवायचे नाहीत.

शेवटी बावीसजणी 'हो' म्हणाल्या. तिची सून पल्लवीही म्हणाली, "बघते आई." आणि देवकी, तिच्याबरोबर एकाच वर्षी लग्न होऊन बेटावर आलेली, तिची जिवाची मैत्रीण, ती तर म्हणाली, "मी पयली बसनार होडीत."

जयवंतीने बावीस टोचे घासून ठेवले. बावीसजणींचा चहा होईल एवढं मोठं भांडं शेजारच्या बंद घरातून काढून आणलं.

*

अमावास्येला चार वाजता होडी धक्क्याला लागली. जयवंती वाट उतरून खाली गेली. होडीतून शर्वरी उतरली आणि मागे नावाडी. त्याच्यामागे कुणी नव्हतं.

"मी साडेतीनपर्यंत थांबले काकी," शर्वरी म्हणाली. "कुणीच आलं नाही."

जयवंतीने देवकीला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा देवकीने उचलला.

"देवके, काय झाला गो?"

"काय नाय. पाय दुखतंय."

"पस्तीस वर्सा एका पाटावर जेवलोय आपन. पाय दुखतंय ते मना सांगतेस?"

देवकीने तिकडे दार लोटलं. मग म्हणाली, "ऐक. तुझ्याशी खोटा बोलवत नाय. आमी आलो आन आकडा भरला, तर परत यावा लागंल ना गो?"

"मग? तेच तर पायजे."

"कोनाला पायजे? इथं नळाला पानी हाय. दवाखाना हाय. पोरां शाळेत चालत जातात. माझा लेक बोलला, आये, तू खडकावर बसायला जाऊ नको, आकडा भरला तर जमात आमच्या मानगुटीवर बसंल, चला बेटावर म्हनून. सगळ्यांच्या घरात हेच चाललाय. तोंडावर बोलायला लाज वाटते, म्हनून तुना कोन बोलत नव्हता."

"कवापासून?"

"लय दिस झाले. जयवंती, तू ये ना गो इकडे. कोनासाठी बसलीस तिथं?"

जयवंतीने फोन बंद केला. शर्वरी बाजूला उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. जयवंतीला वाटलं, अठ्ठेचाळीस घरांचे झाडू आत्ता गोळा करावेत आणि समुद्रात फेकावेत. अडीच वर्षं! पाळी विसरले नव्हते ते. आठवण ठेवून टाळत होते. तिचा स्वतःचा मुलगाही त्यातच होता. दर रविवारी तो "काय पाहिजे का आये?" विचारायचा आणि हे एक सोडून सगळं बोलायचा.

ओहोटी लागली होती. कालवांचा खडक हळूहळू वर येत होता. ती टोचा घेऊन एकटीच जाऊन बसली आणि ठोकू लागली. आपला हात जगन्नाथ. शर्वरीलाही एक टोचा दिला. वर्ध्याच्या पोरीने पहिल्याच ठोक्यात अंगठा फोडून घेतला, तरी रुमाल बांधून ती ठोकत राहिली.

साडेपाचला शर्वरीने हातातल्या पडद्यावर बघितलं. "सव्वीस."

"अजून?"

"सव्वीसच आहेत. लांबच्यांना एवढ्याने ऐकू जात नसेल. काकी, ओहोटी अजून तासभरच आहे."

जयवंतीने टोचा खाली ठेवला. तिच्या मनात काय आलं ते सरळ होतं. माणसांना बोलावून झालं. त्यांना घर माहीत होतं, वाट माहीत होती, होडी दारात होती, तरी ती आली नाहीत. खाली घुटमळणाऱ्यांना मात्र यायचं होतं आणि वाट सापडत नव्हती. फोन लपवून आता ती कुणाला वाचवत होती?

तिने कमरेचा फोन काढून शर्वरीच्या हातात दिला. "हे घे. लाव तुझा भोंगा. मी खोटा बोललेली. हाय माझ्याकडे."

शर्वरी प्रश्न विचारत बसली नाही. तिने भोंग्याची चकती खडकावर घट्ट बसवली, फोन जोडला आणि आवाज सोडला.

खडक बोलू लागला. आधी ठकठक, मग बायकांचा हसण्याचा कल्लोळ. कुणीतरी ओरडली, "ए जयवंती, तुझी वाटी भरली का तोंड?" ती देवकी होती. पलीकडून सासूचा खोकला आला. सासू गेल्यालाही आता पाच वर्षं झाली होती. जयवंतीने टोचा उचलला आणि त्या सगळ्यांत आपला ठोका मिळवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात चालत होता.

"अठ्ठावन्न," शर्वरी म्हणाली. मग "त्र्याऐंशी." मग ती उठून उभीच राहिली. "काकी, एकशे चार! एकशे चार!"

साडेसहाला पाणी परत फिरलं. तेव्हा आकडा एकशे एकोणचाळीस होता. होडीची गरज नव्हती, वल्ह्याची नव्हती. खडकाला कान लावला तरी ऐकू येत होतं, खालून येणारं घुर्र, घुर्र, सगळीकडून, एकमेकांत मिसळलेलं. जयवंती ओल्या खडकावर आडवी झाली आणि भरतीचं पाणी पायाला लागेपर्यंत ऐकत राहिली.

*

शर्वरी खरंच भांडली. करारात आकडा लिहिलाय, आकडा कशाने भरायचा ते लिहिलेलं नाही, हा मुद्दा तिने सोडला नाही. दहाव्या दिवशी पत्र आलं. बेट जमातीचं. मासेमारी जमातीची. कुणीही, केव्हाही परत यावं.

वसाहतीत सत्यनारायण घातला म्हणे. पेढे वाटले. जयवंतीला चार फोन आले, सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. केव्हा येणार, ते कुणी बोललं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

पिल्लं तोवर अंड्यांतून निघाली होती. शर्वरीने बारीक जाळीतून पाणी गाळून तिला काचेच्या बशीत दाखवली. डोळे म्हणजे दोन ठिपके, बाकी नुसतं पाणीच.

"हे दिवस महत्त्वाचे आहेत," शर्वरी म्हणाली. "आत्ता जे ऐकतील तेच पाच वर्षांनी शोधतील. भोंगा रोज दोन तास लावून ठेवू. पन्नासजणींचा आवाज. तुम्हाला उठायलाही नको."

"नको."

"का काकी?"

"मोठी होतील आन पन्नासजनींना शोधत येतील. त्या हायेत कुठे? जे घर नाय त्याचा पत्ता पोरांना कशाला द्यायचा? माझा एकटीचा ठोका शिकूदेत. थोडा हाय, पन खरा हाय."

"पण एकटीचा लांब जात नाही. लहान वयात शिकलेला ठोका पुसटसा आला तरी ओळखतील, हे खरं असावं. पण कमी येतील."

"कमी येऊदेत."

जयवंती बासष्टची होती, आणि हिशेब दोघींनाही येत होता. शर्वरीने भोंगा आवरून होडीत ठेवला.

जयवंती रोज बसायला लागली. उधाण ओसरून भांगाची लहान भरती-ओहोटी लागली, खडक नीट उघडा पडेना, तरी ती गुडघाभर पाण्यात उभी राहून ठोकायची. आता बोलायची ती पिल्लांशी. सून कशी, मैत्रीण कशी, सगळं सांगायची, कारण नुसत्या ठोक्यांत बोलणं नसेल तर तो कालवांचा आवाज कसला?

रविवारी मुलाचा, हर्षलचा फोन आला. ती खडकावरच होती.

"आये, झालं ना सगळं? बेट मिळालं. पत्र आलं. आता राखण नको की काही नको. पल्लवीने तुझी खोली लावून ठेवलीय. मी न्यायला येतो."

"नको येऊ."

"बेटावर कुणी येणार नाहीये आये. तुला माहिताय."

"माहीत हाय."

"मग अजून किती दिवस राहणार तिथे?"

जयवंतीने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि हातातल्या कालवावर दोन ठोके घातले, तिसरा तिरका. "पाच वर्सा," ती म्हणाली. "ही पोरां मोठी होऊन परत येतील, तवा घरात कोनीतरी असायला पायजे."